उजवी लीड दीड मिलिमीटर बाहेर: डीबीएसनंतर बोलणं जड झालं, त्याचं प्रकरण

डीबीएसला, म्हणजे कंपवातासाठी (पार्किन्सनसाठी) मेंदूच्या दोन्ही बाजूंना तारा, म्हणजे लीड, बसवून विद्युत उत्तेजन देण्याच्या शस्त्रक्रियेला, तीन महिने झाले होते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी डावी. उजवा हात छान मोकळा झाला होता, सही पुन्हा पूर्वीच्या आकाराची होत होती. बोलणं मात्र फोनवर समजेनासं झालं होतं. डाव्या हाताने शर्टाचं एक बटण लावायला दोन-तीन मिनिटं जात होती आणि चालताना डाव्या पायाची बोटं आत वळत होती. घरच्यांनी अर्थ लावला होता की आजार वाढला. रिमोटवर उजव्या लीडचा करंट दोन महिन्यांत १.९ वरून २.५ मिलिअँपियरवर गेलेला होता. हे मात्र विचारेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे यंत्राचा करंट बसवण्याच्या, ओपीडीत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती बांधून मांडल्या आहेत. त्यातले आकडे अशा रुग्णात जसे दिसतात तसे घेतले आहेत.

रुग्ण आणि निवड

वय ५९, उजव्या हाताने लिहिणारे, हिशेबाच्या कामातले. कंपवात ११ वर्षांपासून, सुरुवात उजव्या हातापासून. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताचं मुख्य औषध, दिवसातून सहा वेळा; सगळ्या औषधांची लेव्होडोपाच्या हिशेबात बेरीज १२५० मिलिग्रॅम. दिवसाचे चारपाच तास ‘ऑफ’मध्ये, म्हणजे औषधाचा असर उतरलेल्या अवस्थेत, जायचे. डोस लागला की तासाभराने मान आणि खांदे आपोआप वळवळायचे, म्हणजे डिस्कायनेशिया. गोळी वाढवावी तर वळवळ, कमी करावी तर ताठरपणा. डीबीएसचा विचार होतो तो नेमका अशा कात्रीत सापडलेल्या रुग्णासाठी.

लेव्होडोपा चाचणी रीतसर झाली होती. रात्रीपासून १२ तास औषध बंद, सकाळी तपासणी, मग नेहमीच्या सकाळच्या डोसच्या दीडपट डोस आणि तासाभराने पुन्हा तपासणी. एमडीएस-यूपीडीआरएस या कंपवाताच्या गुणपत्रिकेच्या तिसऱ्या, हालचालीच्या भागात (कमाल १३२ गुण, गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट) ५२ वरून १९, म्हणजे ६३ टक्के सुधारणा. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडण्याच्या १९९९ च्या कॅप्सिट निकषांत किमान ३३ टक्के मागितले आहेत, त्यामुळे इथे शंकेला जागा नव्हती. बौद्धिक क्षमतेच्या मोका चाचणीत ३० पैकी २७. नैराश्य नाही. एमआरआयमध्ये मेंदू वयाच्या मानाने भरलेला, आक्रसलेला नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितलेली होती आणि फाइलमध्ये लिहिलेलीही होती. दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात ते उत्तम ‘ऑन’मध्येही होत होतं, त्यामुळे ते शस्त्रक्रियेने जाणार नाही. लेव्होडोपाने जे सुधारतं तेच एसटीएनच्या (मेंदूतल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या) डीबीएसने सुधारतं. याला मोठा अपवाद कंपाचा; औषधाला दाद न देणारा कंपही डीबीएसला देतो. हा नियम निवडीच्या वेळी सगळ्यांना पाठ असतो, आणि तक्रार आली की पहिल्यांदा तोच विसरला जातो.

निवडीत चूक नव्हती. हे मुद्दाम लिहायचं कारण असं की निकाल बिघडला की संशयाची सुई प्रथम रुग्णाकडे वळते: आजारच वेगळा असेल, अपेक्षाच जास्त असतील. उजव्या बाजूला इतका चांगला निकाल मिळालेला असताना ते स्पष्टीकरण पुरत नाही. मेंदू तोच, आजार तोच, औषध तेच. दोन बाजूंत फरक एकच होता, तो म्हणजे तारेची जागा.

शस्त्रक्रियेचा दिवस

फ्रान्समधल्या ग्रनोब्लला १९८७ मध्ये न्यूरोसर्जन बेनाबिद आणि न्यूरॉलॉजिस्ट पोलाक यांनी कंपासाठी थॅलॅमसमध्ये वेगवान विद्युत उत्तेजन सुरू केलं, आणि १९९३ पासून तीच युक्ती कंपवातासाठी सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर, म्हणजे एसटीएनवर आली. तेव्हापासून यंत्रं बदलली, लक्ष्य तेवढंच राहिलं: मसुराच्या आकाराचा, जेमतेम काही मिलिमीटरचा गोळा. त्याच्या बाहेरच्या आणि पुढच्या अंगाला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे हातापायांना आणि चेहऱ्याला हुकूम नेणाऱ्या तंतूंची जाड जुडी. मागे संवेदना नेणारा मेडियल लेम्निस्कस. आतल्या आणि खालच्या बाजूला डोळा फिरवणाऱ्या तिसऱ्या नसेचे तंतू. करंट कुठे सांडतो ते रुग्णाच्या तक्रारीवरून कळतं. तोंड ओढलं जाणं आणि जीभ जड होणं म्हणजे कॅप्सूल, हातात न थांबणाऱ्या मुंग्या म्हणजे लेम्निस्कस, एका गोष्टीच्या दोन दिसणं म्हणजे तिसरी नस.

ठरवलेलं लक्ष्य नेहमीच्या जवळपासच होतं: एसी-पीसी रेषेच्या (मेंदूतल्या दोन ठरलेल्या खुणा जोडणाऱ्या रेषेच्या) मध्यापासून १२ मिमी बाजूला, ३ मिमी मागे, ४ मिमी खाली, आणि एमआरआयवर दिसणाऱ्या गोळ्याप्रमाणे थोडी दुरुस्ती. जास्त त्रास उजव्या हाताला, म्हणून डावा मेंदू आधी. हा क्रम बरोबरच. पहिली बाजू बहुधा अधिक अचूक बसते, ती गरजेच्या हाताला मिळावी.

डावीकडे सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. पेशींचा आवाज टिपणारा मायक्रोइलेक्ट्रोड लक्ष्याच्या १० मिमी वरून हळूहळू खाली. झोना इन्सर्टात, म्हणजे गोळ्याच्या वरच्या थरात, शांतता, मग एकदम पत्र्यावर पाऊस पडावा तसा दाट, अनियमित आवाज. तो ५.५ मिमी टिकला. पुन्हा थोडी शांतता आणि मग गोळ्याखालच्या सब्स्टॅन्शिया निग्राचा वेगवान, एकसारखा ठोका. चाचणीचा करंट ४ मिलिअँपियरपर्यंत नेला तेव्हा कुठे ओठाचा कोपरा हलला. लीड बसली.

उजवीकडे ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण, उघडला तेव्हा डावीकडचं छिद्र दीड तासाहून जास्त वेळ उघडं होतं. मेंदूभोवतीचा द्रव, सीएसएफ, झिरपत गेला होता आणि त्याच्या जागी हवा शिरली होती. माणूस उताणा झोपलेला असला की हवा कपाळाकडे चढते आणि मेंदू मागे बसतो. मधल्या मार्गावर एसटीएनचा आवाज फक्त ३ मिमी, तोही विरळ. २ मिमी बाहेरच्या मार्गावर ४.५ मिमी, दाट. रुग्ण चार तास डोकं घट्ट धरणाऱ्या फ्रेममध्ये, थकलेला, आवाज आधीच बारीक. बाहेरच्या मार्गाने इलेक्ट्रोड जाताच डावं मनगट सैल पडलं. चाचणीचा करंट २ मिलिअँपियरपर्यंत दिला, ‘त्रास नाही’ असं उत्तर आलं, आणि लीड बाहेरच्या मार्गात पक्की झाली.

चूक इथेच झाली. लांब रेकॉर्डिंगचा अर्थ इतकाच की तुम्ही गोळ्याच्या आत आहात. कॅप्सूलची भिंत किती जवळ आहे ते रेकॉर्डिंग सांगत नाही, ते फक्त करंट सांगतो. आणि तोही त्रास दिसेपर्यंत, निदान ४ मिलिअँपियरपर्यंत, चढवला तरच. २ वर थांबून मिळालेलं ‘त्रास नाही’ हे उत्तर अपुरं होतं. सैल पडलेल्या मनगटानेही दिशाभूल केली. इलेक्ट्रोड नुसता शिरला तरी त्या जागेला धक्का बसून काही दिवस ते काही आठवडे लक्षणं कमी होतात. त्याला मायक्रोलीजन परिणाम म्हणतात. त्यावरून मार्ग निवडता येत नाही.

हवा टाळायचे उपाय साधे आहेत, कंटाळवाणे आहेत, म्हणून सुटतात. डोकं थोडं उंच ठेवायचं. दुसऱ्या बाजूचा ड्युरा गरज पडेपर्यंत उघडायचा नाही. ड्युरा उघडला की लगेच फायब्रिन ग्लूने छिद्र भरायचं, सलाइनची धार चालू ठेवायची. आणि दुसरी बाजू सुरू करताना एकदा घड्याळ बघायचं.

दिशाभूल करणारा सीटी

त्याच संध्याकाळी सीटी झाला. रक्तस्राव नाही. कपाळामागे दोन्ही बाजूंना हवा, उजवीकडे जास्त. तो सीटी आधीच्या एमआरआयवर बसवून पाहिला तर दोन्ही लीड गोळ्यातच. फाइलमध्ये लिहिलं गेलं, ‘दोन्ही योग्य जागी’.

हवा एक-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत जिरते. मागे बसलेला मेंदू पुन्हा पुढे आणि वर येतो. लीड मात्र कवटीला बांधलेली असते. मग ती मेंदूच्या आत वाकते आणि तिचं टोक गोळ्याच्या तुलनेत वर सरकतं. हवा असताना काढलेला सीटी रक्तस्राव बघायला उत्तम. जागा ठरवायला तो वापरायचा नसतो. जागेसाठी चार आठवड्यांनंतरचा सीटी हवा. इथे तो झाला नाही, कारण उजवा हात इतका चांगला चालत होता की कुणाला गरज वाटली नाही.

पहिलं प्रोग्रॅमिंग

चौथ्या आठवड्यात. लीड १.२७ मिमी जाडीची, चार पातळ्यांची. सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत वरची पातळी अखंड कडं. मधल्या दोन पातळ्यांवर प्रत्येकी तीन तुकडे, एकमेकांपासून १२० अंशांवर. कॉन्टॅक्टची (करंट सोडणाऱ्या कड्याची किंवा तुकड्याची) लांबी १.५ मिमी, दोन पातळ्यांत ०.५ मिमी अंतर. सोयीसाठी खालून ०, १, २, ३ म्हणू.

डाव्या लीडवर पातळी १ चं पूर्ण कडं, पल्सची रुंदी ६० मायक्रोसेकंद, वारंवारता १३० हर्ट्‌झ. मनगट १.२ वर सैल, त्रास ३.८ वर, २.० वर ठेवलं. मधलं अंतर, म्हणजे ‘खिडकी’, २.६ मिलिअँपियर. अशा रुग्णाला काही करावं लागत नाही.

उजव्या लीडवर पहिल्या सीटीच्या भरवशावर पातळी २ निवडली. १.७ वर मनगट सैल, आणि नोंद अशी: ‘२.२ वर बोलणं किंचित जड’. खिडकी अर्ध्या मिलिअँपियरची. १.९ वर ठेवलं आणि रुग्णाच्या रिमोटला २.६ पर्यंत मुभा दिली. ती नोंद लिहिणाऱ्यानेच ती मुभा दिली हे वाचताना विचित्र वाटतं, पण गर्दीच्या ओपीडीत असं होतं. त्याच बैठकीत औषध कमी करायला सुरुवात झाली आणि सहा आठवड्यांत १२५० वरून ५०० मिलिग्रॅमवर आणलं.

पुढचा क्रम ओळखता येतो. औषध घटल्यावर डावी बाजू उघडी पडली. रुग्णाने रिमोटने करंट वाढवला. हात थोडा सैल झाला, पण करंट कॅप्सूलमध्ये सांडला. आकुंचन पावणारे स्नायू ताठरपणासारखेच वाटतात, म्हणून पुन्हा करंट वाढला. शिवाय माणूस गप्प गप्प, कशात रस नाही. घरच्यांना तोही आजारच वाटला. औषध एवढ्या झपाट्याने उतरवलं की असा निरुत्साह येतो.

तीन महिन्यांनी: कशाच्या मागे काय

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी यंत्र, मग बंद-चालू, मग जागा, आणि त्यानंतरच नवी सेटिंग. उलट्या क्रमाने गेलं की दिवस फुकट जातो.

इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सगळ्या कॉन्टॅक्टचा पाहिला. कडी ९०० ते ११०० ओहम, तुकडे १९०० ते २६००. तुकड्याचं क्षेत्रफळ लहान, म्हणून अडथळा जास्त. ते बिघाडाचं चिन्ह नव्हे. एखादा आकडा एकदम दहा हजारांच्या पुढे गेला असता तर तार तुटली किंवा कानामागचा जोड सुटला असं धरलं असतं. दोन कॉन्टॅक्टमध्ये तो अगदी शे-दोनशेवर आला असता तर शॉर्ट. दोन्ही नव्हतं. मान वळवून, हात वर करून पुन्हा मोजलं, कारण अर्धवट तुटलेली तार सरळ बसलेल्या माणसात नीट आकडा देते.

मग १२ तास औषध बंद ठेवून, उत्तेजन चालू असताना, रुग्णाला वारांची नावं आणि नंतर बारा महिन्यांची नावं म्हणायला लावली. प, ब, म हे ओठांचे वर्ण फुसके निघत होते. ‘फेब्रुवारी’ला ओठ मिटेचना. तोंडाचा डावा कोपरा बोलताना बाहेर ओढलेला, आणि गप्प बसल्यावरही गालावर एक बारीक दोरी ताणल्यासारखी रेघ. उजवी लीड बंद केली. दीड-दोन मिनिटांत ती रेघ गेली आणि ‘फेब्रुवारी’ स्वच्छ आला. पत्नी शेजारी बसल्या होत्या. त्या उठून समोर येऊन ऐकू लागल्या. डाव्या मनगटाचा ताठरपणा परत यायला मात्र चाळीस मिनिटं लागली.

हे अंतर लक्षात ठेवावं. करंट बंद केल्यावर कॅप्सूलचा त्रास सेकंदांत किंवा मिनिटांत जातो. आजाराची लक्षणं वेगवेगळ्या गतीने परततात: कंप काही मिनिटांत, ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासात, चालण्याचा बिघाड कित्येक तासांत. पाच मिनिटं बंद करून ‘काही फरक नाही’ म्हणणं म्हणजे चाचणी न करणंच. नंतर उजवी चालू ठेवून डावी बंद केली, तर बोलण्यात फरक नाही. म्हणजे दोष एकाच बाजूचा.

नव्या सीटीने बाकीचं सांगितलं. उजवी लीड ठरवलेल्या जागेपेक्षा १.५ मिमी बाहेर आणि २ मिमी वर, कपाळाकडे हलकी कमान घेतलेली. दोन पातळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत २ मिमी अंतर असल्यामुळे सगळं एका पायरीने सरकलं होतं. ज्या पातळी २ ला गोळ्यातली समजून करंट दिला जात होता ती आता गोळ्याच्या वर, झोना इन्सर्टात होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला कॅप्सूल. वरच्या मागच्या भागात, म्हणजे हालचालीच्या भागात, जी हवी ती पातळी आता १.

दुरुस्ती

लीडच्या चारही पातळ्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. करंटच्या छोट्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर किमान अर्धा मिनिट. मापक म्हणून मनगटाचा ताठरपणा. तो रुग्णाच्या प्रयत्नावर अवलंबून नसतो आणि लवकर बदलतो. कंपावर विसंबणं सोपं वाटतं, पण तो मनाच्या ताणाने कमीजास्त होतो.

पातळी ० च्या कड्यावर फायदा १.४ ला, त्रास २.० ला. पातळी १ चं पूर्ण कडं: १.३ आणि १.९. पातळी २: १.७ आणि २.१, म्हणजे पहिल्या वेळेपेक्षाही अरुंद. पातळी ३ वर २.८ पर्यंत जेमतेम फायदा. पूर्ण कडं वापरून कुठेच वाट नव्हती. मग पातळी १ चे तुकडे एकेक. पुढच्या-बाहेरच्या तुकड्यावर १.५ लाच तोंड ओढलं. मागच्या-बाहेरच्या तुकड्यावर १.८. आतल्या तुकड्यावर फायदा १.१ ला आणि त्रास २.८ ला.

इथे एक खाच आहे. कोणता तुकडा ‘आतला’, हे नावावरून ठरत नाही. लीड बसवताना तिच्यावरची दिशेची खूण पुढे ठेवलेली असली तरी पक्की करताना ती फिरते. सीटीतली खुणेची सावली पाहून कोन काढावा लागतो. या लीडमध्ये ती खूण चाळीसेक अंश फिरलेली होती.

आतला तुकडा, ६० मायक्रोसेकंद, १.८ मिलिअँपियर, आठवडाभर पाहिलं. हात सुधारला, पायाची बोटं सरळ झाली, पण संध्याकाळी थकल्यावर जीभ अजून जड. मग पल्सची रुंदी ३० वर आणली. जाड तंतू, जसे कॅप्सूलचे, अगदी छोट्या पल्सलाही पेटतात, पण रुंदी घटली की त्यांच्यापर्यंत पोचायला लागणारा करंट फार वाढतो आणि फायद्याचा करंट त्या मानाने कमी वाढतो. इथे फायदा १.९ ला, त्रास ५.२ ला. २.८ वर ठेवलं.

तुकड्याचं क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मिलिमीटर असल्याने विद्युतभाराची घनता तपासली. २.८ मिलिअँपियर गुणिले ३० मायक्रोसेकंद म्हणजे ८४ नॅनोकूलंब, प्रति चौरस सेंटिमीटर सहाच्या आत मायक्रोकूलंब. मान्य मर्यादा ३०. ही आकडेमोड प्रोग्रॅमर हे यंत्र स्वतः करतं, पण तुकड्यावर करंट चढवताना हातानेही एकदा करून बघावी.

लीड काढून नव्याने बसवण्याचा पर्याय मांडला गेला होता. दीड मिलिमीटर चुकलेली लीड काही वेळा बदलावीच लागते, विशेषतः तुकड्यांची सोय नसलेली जुनी लीड असेल तर. पण दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका पुन्हा. खिडकी तीन मिलिअँपियरहून मोठी मिळाल्यावर तो धोका घेण्याचं कारण उरलं नाही. ही सुटका लीडच्या रचनेमुळे झाली, शस्त्रक्रियेच्या कौशल्यामुळे नाही, हे मान्य करायला हवं.

औषध ५०० वरून ७०० मिलिग्रॅमवर नेलं आणि तिथेच थांबवलं. महिनाभरात माणूस पुन्हा वर्तमानपत्र उघडू लागला. रिमोटची मुभा दोन्ही बाजूंना ०.३ मिलिअँपियरपर्यंत आवळली.

सहा महिन्यांनी औषधाविना, उत्तेजन चालू ठेवून, तिसऱ्या भागात २४ गुण. शस्त्रक्रियेपूर्वी औषधाविना ५२ होते. वळवळ जवळपास गेली. बोलण्याचा गुण २ वरून १. दारात पाय चिकटणं जसंच्या तसं. त्यासाठी वारंवारता ६० हर्ट्‌झवर आणून पाहिली, फरक पडला नाही, परत १३० केली.

फाइलच्या पहिल्या पानावर आता दोन ओळी आहेत. पहिली: ‘फिजिओथेरपीत डायथर्मी कुठेही नको’; डायथर्मी म्हणजे विद्युतलहरींचा शेक, तिची ऊर्जा तारेतून थेट मेंदूत उतरते आणि कॉन्टॅक्टभोवतीचा भाग भाजतो. दुसरी बॅटरी बदलणाऱ्या सर्जनसाठी. न चार्ज होणारी बॅटरी काही वर्षांत संपेल, तेव्हा नव्या बॅटरीत डाव्या-उजव्या तारांची भोकं अदलाबदल झाली तर डाव्या लीडचं २.० मिलिअँपियर, ६० मायक्रोसेकंद, पूर्ण कड्याचं सेटिंग उजव्या लीडला मिळेल, आणि तिथे त्याच कड्यावर १.९ लाच तोंड ओढलं जातं. त्यामुळे करंट शून्यावरून, आधी उजवा, मनगट हातात धरून आणि डोळे तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवून सुरू करावा.